डाव्या डोळ्याची रेघ

"श्वास रोख, रेघ ओढ, मंग श्वास सोड."

भुजंग पेंटरांना त्यांच्या उस्तादांनी दिलेली ही ताकीद मी पहिल्याच दिवशी ऐकली. मित्रांनो, मी एक जुना रेघेचा ब्रश आहे. खारीच्या केसांचा, करंगळीहून बारीक. मस्तगडच्या दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची वेलबुट्टी, सगळीकडे मी फिरलो. लोक म्हणायचे, "भुजंगची रेघ म्हणजे ताणलेली दोरी!"

मग छापील फ्लेक्स आले. रॉकेलच्या डब्यात मी डोक्यावर उभा राहिलो. केस वाकले, तरी कुणाला माझी सय आली नाही. परवा भुजंगांच्या लेकीनं, आकांक्षानं, मला साबणानं धुऊन केस सरळ केले.

कारण भुजंगांनी शब्द दिलेला होता. केदारखेड्याच्या मंडळाच्या शाडूच्या गणपतीचे डोळे हातानंच आखायचे. आज चतुर्थी. उजवा डोळा छान उमटला. डाव्यापाशी मात्र आजारातून उठलेल्या भुजंगांचा हात थरथरू लागला. त्यांनी मला खाली ठेवलं.

दारात टेम्पोवाला कल्याण ओरडला, "पेंटर, जल्दी करा! एका डोळ्याचा बाप्पा नेऊ का?"

"हात बराबर चालून न्हाई राह्यला," भुजंग पुटपुटले. "तयार डोळा आणून चिकटवतो."

"न्हाई बाबा. तुम्ही शब्द दिल्ता," आकांक्षा म्हणाली.

आकांक्षा लग्नघरी मेंदी काढते. तिनं मला उचलून सरावाला फळीवर ओढलं. रेघ अळीसारखी फुगली! पोरगी मला मेंदीच्या कोनासारखी दाबत होती. पुन्हा ओढली, पुन्हा फुगली. बाहेर हॉर्न वाजला.

तिची आई केशरबाई तुळशीपाशी गोपद्मं काढत होती. चातुर्मासाचा नेम, तो झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. मान वर न करता ती म्हणाली, "दाबू नको गं माय. कोनातली रेघ दाबल्यानं येती, रांगोळीची चिमटीतून सांडती. ह्याला नुसतं टेकव आन् जाऊ दे."

आकांक्षानं बोटं सैल सोडली. फळीवर केसाएवढी रेघ उतरली.

मित्रांनो, घरातलं एखादं हत्यार धूळ खात पडलं असेल, तर धुऊन-पुसून ठेवा. नेम मोडू नये, तसंच हत्यारही मोडीत काढू नये. कधी कुणाचा शब्द त्याच्यावर अडेल, सांगता येत नाही.

आकांक्षानं बांगड्या उतरवल्या, मूर्तीला हात जोडले, मला काळ्या रंगात भिजवलं आणि डाव्या डोळ्यासमोर बसून श्वास रोखला.