अर्ध्या घरातली झोप

घर मला हवं होतं, बस्स! घटस्फोट देताना कोर्टानं बजावलं होतं: दोघांच्या नावावरचं घर महिनाअखेरपर्यंत एकाच्या नावावर करा, नाहीतर विकून मोकळे व्हा. मी बेकरीत रात्रपाळी करते. दिवसा मला झोप लागते ती फक्त याच घरात. ते विकू देईन होय मी?

मास्तर, म्हणजे माझा नवरा, म्हणजे आता नवरा नव्हे, शाळेत चित्रकला शिकवतो. आढेवेढे न घेता त्यानं हिस्सा सोडायचं कबूल केलं. दुपारी सरकारी कचेरीत सह्या होत्या, साक्षीला माझी ताई येणार होती. मास्तर त्याआधी उरलेली पुस्तकं न्यायला घरी आला. आल्या आल्या सवयीनं त्यानं दोघांचे फोन मुके केले आणि पडदे ओढले.

"अरे, मी जागी आहे," मी म्हटलं.

"हो की," तो म्हणाला. पण पडदे तसेच राहिले.

मी जरा खुर्चीत टेकले. रात्रभर भट्टीसमोर उभी होते, आणि सकाळपासून सह्यांच्या काळजीनं डोळ्याला डोळा लागला नव्हता.

घर हळूहळू भिजवलेल्या पिठासारखं फुगायला लागलं. भिंतीला बोट लावलं की खड्डा पडायचा आणि आपोआप भरून यायचा. एका खोलीतून दुसरी निघत गेली, दुसरीतून तिसरी, आणि प्रत्येकीत मास्तर होता, चपला हातात धरून चवड्यांवर चालणारा. "अरे, घाल की त्या पायात!" मी ओरडत होते, पण आवाज पिठात बुडत होता. सगळीकडे कोमट, पांढरा उजेड होता. मला तिथून निघायचंच नव्हतं.

जाग आली तेव्हा पडद्याच्या कडा तांबूस झाल्या होत्या. मास्तर समोर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसून होता. फोन बघितला तर ताईचे फोनच फोन.

"मेलात की काय दोघं?" मी फोन लावताच ताई कडाडली. "ताटकळत उभी आहे मी इथं! कचेरी बंद झाली. उद्या शेवटचा दिवस आहे, आठवतंय ना?"

फोन ठेवला आणि माझं डोकंच सटकलं. "मुद्दाम केलंस! हिस्सा सोडायचा नव्हता तर तोंडानं सांगायचंस. उठवलं का नाहीस?"

तो खरोखरच गोंधळला. "तुला मी कधी उठवलंय?"

मी पहाटे येऊन झोपायची, तो पाऊल न वाजवता निघून जायचा. शिकवण्या आटपून तो परतेपर्यंत मी पुन्हा कामावर. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तो पाहुण्यासारखा अंधारात बसून राहायचा. नीट कचाकचा भांडायलासुद्धा आम्ही कधी एका वेळी जागे नव्हतो.

"आणि हिस्सा म्हणशील तर," तो म्हणाला, "पडदे उघडल्यावर ही खोली कशी दिसते तेही मला माहीत नाही. हक्क सांगू कशावर?"

मला भडभडून आलं. मी उठले आणि सगळे पडदे सरकवले.

"पिवळी आहे होय ही भिंत!" मास्तर म्हणाला. "रात्रीच्या मिणमिणत्या दिव्यात मी इतकी वर्षं राखाडी समजत होतो."

उजेड जाईपर्यंत आम्ही दोघं त्या भिंतीकडे बघत बसलो. मग तो पुस्तकं घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी ताईनं कुणावरच भरवसा ठेवला नाही. आधी मला उचललं, मग त्याला, आणि कचेरीत नेऊन उभं केलं.

"स्वखुशीनं हिस्सा सोडताय ना?" साहेबांनी मास्तरला विचारलं.

घर माझं व्हायला एवढंच बाकी होतं. आणि एकाएकी मला वाटलं: नाही म्हण रे. एकदा तरी नाही म्हण, भांड माझ्याशी, इथं सगळ्यांसमोर आरडाओरडा कर. मी आता टक्क जागी आहे.

"हो," मास्तर हळूच म्हणाला, सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं.