मलेशियाचे लठ्ठे

लातूर जिल्हा झाला आणि संगप्पाच्या लाकडाच्या वखारीला बरकत आली. नव्या कचेऱ्या म्हणजे नवी दारं, नव्या खिडक्या, साहेबांची टेबलं. पाऊस मात्र रुसून बसला. एकीकडे कचेऱ्या उठत होत्या, दुसरीकडे गल्लीतले आड एकामागून एक कोरडे पडत होते.

संगप्पाच्या आज्याच्या काळी लाकूड म्हणजे ब्रह्मदेशचं. तिकडे सागाची साल बुडाशी गोल काढून झाड उभ्या जागी वाळवत, मगच पाडत. ते बंद झालं तेव्हा बापानं किनवटच्या लिलावांवर वखार चालवली. आता किनवटच्या जंगलानंही हात आखडला, म्हणून संगप्पानं मुंबई बंदरातून मलेशियाचे लठ्ठे आणले. स्वस्त, सरळ, गाठ नावाला नाही; पण ओले कच्च. ओल्या लाकडाचं दार दोन-चार महिन्यांत वाकतं, आणि त्याच्यासोबत वखारीचं नावही.

घरची रीत अशी, की ओला लठ्ठा वखारीतल्या मोठ्या विहिरीत सोडायचा, चीक पाण्यात उतरू द्यायचा, मग सावलीत वाळवायचा. तीन पिढ्या सागाचे लठ्ठे तिथं तरंगले आणि त्यांच्यामधून बाया घागरी बुडवत आल्या. मलेशियाचे लठ्ठे सोडले ते थेट तळाला गेले. लाकूड बुडतं, हे संगप्पाच्या स्वप्नातही आलं नव्हतं! "बुडाले तर बुडाले, बरे मुरतील," म्हणत त्यानं मिशीवर ताव दिला. अकलेचा कांदा!

उन्हाळ्यात गल्लीत तेवढ्याच विहिरीला पाणी उरलं, आणि तेही काळं, तुरट झालं. हमाल ग्यानोबाची बायको धुरपताबाई रिकामी घागर घेऊन वखारीत आली.

"अप्पा, लठ्ठे काढा की. लेकरं ओकायलीत."

"काढतो की. मुरू तर द्या! कचेरीची दारं हायत."

रोज हेच. शेवटी त्याच्या बायकोनं, शिवकांतानं, विचारलं, "ह्या काळ्या पाण्यानं लिंगपूजा करू का मी?" तेव्हा कुठं तो हलला. लेकरांच्या ओकाऱ्यांनी जे झालं नाही ते लिंगाच्या आंघोळीनं झालं.

ग्यानोबा कंबरभर पाण्यात उतरला. तो खालून लठ्ठ्याला साखळी घाली, वरून हमाल दोर ओढत. दोर जुनाच, सागाच्या वजनाला पुरणारा. बाकीचे लठ्ठे निघाले. शेवटचा काठाशी आला आणि दोर तुटला. खाली ग्यानोबा मान वर करून बघत होता.

त्याच्या माणसांनी त्याला नेलं. पुढं पाणी निवळलं, पण माणूस मेलेल्या त्या विहिरीला कुणी शिवेना. बाया टँकरची वाट बघत उन्हात बसू लागल्या. टँकर आला तर आला. कचेरीची दारं मात्र वेळेवर होणार होती.

एका सकाळी धुरपताबाई आली. कुणाकडं न बघता विहिरीच्या पायऱ्या उतरली. संगप्पा धडपडत उठला.

"ह्यातलं घेऊ नको बाई. टँकरचं पाणी आणून देतो तुला."

"कवा?" तिनं विचारलं.

धुरपताबाईनं पाण्यावरचा कचरा हातानं बाजूला सारला आणि घागर बुडवली.