कोटावरचा पिठाचा हात

१९५७ सालच्या मार्चमधली ही गोष्ट. वॉर्सॉत तेव्हा निम्म्या रस्त्यांच्या कडेला अजून फळ्यांची कुंपणं होती. कुंपणांमागे पडक्या इमारतींचे ढिगारे आणि कुंपणांवर सिनेमांची पोस्टरं. शहरात रंग म्हणावा तर तेवढाच. ट्रामची वाट बघणारी माणसं पोस्टर बघता बघता ट्राम चुकवायची.

ब्रोन्का मात्सिओंग त्यांतलीच एक. वोला भागातल्या लिथो छापखान्यात ती सहा वर्षं व्हिनेगरच्या बाटल्यांची लेबलं करत होती. चित्रकाराचं चित्र समोर ठेवायचं, त्यातला एकेक रंग वेगळा काढायचा आणि जस्ताच्या पत्र्यावर हाताने उलटा उतरवायचा, असं ते काम. पोस्टरं उतरवायची जुन्या कारागिरांनी. त्यातला एक त्या आठवड्यात तापाने पडला आणि मास्तर सोबोलनी एक पोस्टर ब्रोन्काच्या टेबलावर ठेवलं.

"चांगलं उतरलं तर इथंच बसशील," मास्तर म्हणाले. "नाहीतर व्हिनेगर तुझी वाट बघतंय."

चित्र प्रोफेसर हिलारी दोम्बेकांचं होतं. त्यांची सही तिला कुंपणांवरून पाठ होती. त्या सगळ्या चित्रकारांची एक रीत होती. सिनेमा एकदाच बघायचा, घरी जायचं, आणि त्यातून जे मनात उरलं असेल तेच काढायचं. नटाचा चेहरा काढणं म्हणजे त्यांना हार पत्करल्यासारखं वाटे. हा सिनेमा चेक होता, बायको गेलेल्या एका गिरणीवाल्याचा. प्रोफेसरांनी ना गिरणी काढली ना गिरणीवाला. पिवळट कागदावर खुंटीला टांगलेला एक काळा कोट आणि खाली हाताने काढलेली अक्षरं, बस. रिकाम्या कोटातून माणूस दाखवायचा, हे कसं सुचत असेल, असं तिला वाटत राहिलं.

फक्त कोटाच्या खांद्यावर एक पांढुरका डाग होता. लेबलांच्या खात्यात डाग म्हणजे घाण. कुणीतरी मळका हात ठेवलेला दिसतोय, असं मनाशी म्हणत तिने शिकवलं होतं तसं केलं. पावाचा मऊ गर काढला, गोळी वळली आणि हलक्या हाताने डाग पुसला. सगळा निघाला. मग पिवळट आणि काळा, दोन्ही रंगांचे पत्रे तिने जीव ओतून उतरवले.

गुरुवारी दुपारी प्रोफेसर पहिली छाप बघायला आले.

"हा कोट कुणाचा?"

"तुमचाच की, प्रोफेसर," मास्तर म्हणाले.

"माझा नाही. माझ्या कोटाला बायको होती."

मास्तरांना कळेना. ब्रोन्काला मात्र कळलं, आणि तिचे कान तापले.

"मी पुसलं," ती म्हणाली. "खांद्यावरचं. मला घाण वाटली. पावाने पुसलं."

"पावाने?" प्रोफेसर खुर्चीवर बसले. "पीठ होतं ते. माझ्या बायकोने हात पिठात बुडवून त्या खांद्यावर टेकवला होता. आणि तू ते पावाने पुसलंस."

उद्या सकाळी मंजुरी समिती येणार होती. मंजूर चित्राशी छाप जुळली नाही तर छपाई बंद.

"मग बाईंना बोलवा," मास्तर म्हणाले. "परत ठेवतील हात."

"ती ओत्वोत्स्कला आहे. सॅनेटोरियममध्ये. छातीचं दुखणं."

मास्तर ब्रोन्काकडे वळले. "तुझ्या वस्तू आवर. उद्यापासून खाली, लेबलांत."

ब्रोन्का हलली नाही. "मास्तर, कॅलेंडरसाठी ठेवलेला एक कोरा पत्रा आहे ना?"

"तो कॅलेंडरचा आहे."

"त्याच्यावर डिंकाचा हात ठेवला आणि वाळू दिला, तर वरून काळी शाई फिरवली तरी डिंकाखाली ती धरणार नाही. छापताना तेवढा हात पांढुरका राहील. कोट मी पुन्हा काढते."

प्रोफेसरांनी मान वर केली. "चालेल हे?"

"चालेल," मास्तर नाइलाजाने म्हणाले. "पण हात कुणाचा? माझा नको. गिरणीवाल्याचा सासरा वाटेल."

ब्रोन्काने आधी वर्तमानपत्रावर करून बघितलं. उजवा हात डिंकात, मग कागदावर. पाचही बोटं नीट, सारख्या अंतरावर.

"ही बाई पोलिसात आहे," प्रोफेसर म्हणाले.

तिने पुन्हा ठेवला.

"आता शपथ घेतेय."

"मग तुम्हीच सांगा कसा ठेवायचा," ब्रोन्का चिडून म्हणाली.

"गिरणीवाला दारातून निघालाय. तिला चुलीवरचं बघायचंय. जा म्हणते, उशीर होईल. एवढंच. पुढे काय होणार हे तिला कुठं माहीत आहे?"

तेव्हा ब्रोन्काच्या ध्यानात आलं. पत्र्यावरचं छापताना उलटं होतं. कागदावर उजवा हात हवा तर पत्र्यावर डावा ठेवायला हवा. आणि तिच्या डाव्या हाताने जन्मात पट्टी धरण्यापलीकडे काही केलं नव्हतं. त्याला नीटनेटकेपणा ठाऊकच नव्हता.

तिने डावा हात डिंकात बुडवला. पत्र्यावर नेला आणि मान वळवून कोपऱ्यातल्या शेगडीकडे बघितलं. तिथे मास्तरांचा डबा तापत होता.

"मास्तर, तुमचं सूप उतू जातंय," म्हणत तिने हात टेकवला आणि उचलला.

सूप खरंच उतू जात होतं. मास्तर धावले. पत्र्यावर तीन बोटं उमटली होती, थोडी घसरलेली, अंगठा जाडसर, करंगळीचा पत्ताच नव्हता. प्रोफेसर वाकून बघत राहिले.

"याला आता पाव लावू नकोस," ते म्हणाले.

डिंक वाळल्यावर तिने चार तास त्या हाताभोवती कोट काढला. प्रोफेसर शेजारी काचेच्या पेल्यातला चहा पीत बसून होते.

शुक्रवारी समितीच्या कोर्नेलियाबाईंनी छाप आणि समितीकडची मंजूर चित्राची फोटोप्रत शेजारी ठेवली. चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला.

"अंगठा बारीक होता, प्रोफेसर."

"गिरणीवाल्याची बायको आहे, बाई. घरात खायला कमी नव्हतं."

कोर्नेलियाबाईंनी शाईचा पॅड जवळ ओढला. मग शिक्का उमटला.

सोमवारी पोस्टरं कुंपणांवर लागली आणि गुरुवारपर्यंत बरीचशी गायब झाली. खळ ओली असतानाच लोक सोलून घरी नेत.

मास्तर सोबोल पुढे सात वर्षांनी निवृत्त झाले आणि बहिणीकडे राडोमला मधमाश्या पाळत राहिले. कोर्नेलियाबाईंची समितीवरून दुसऱ्या खात्यात बदली झाली. प्रोफेसर दोम्बेक १९७१ साली गेले. त्यांची पत्नी १९५७च्या उन्हाळ्यातच बरी होऊन आली होती. ओत्वोत्स्कच्या स्टेशनवर पोस्टरवरचा हात बघून तिने नवऱ्याला पहिला प्रश्न विचारला होता, ही कोण बाई? नवऱ्यामागे ती बारा वर्षं जगली. ब्रोन्का पोस्टरांच्या खात्यातच राहिली. दोम्बेकांची सगळी पोस्टरं तिनेच उतरवली आणि पुढे तीन मुलींना ते काम शिकवलं. चित्रावर काही डाग दिसला तर आधी चित्रकाराला फोन करायचा, हे ती त्यांना पहिल्या दिवशी सांगायची.