देविकाचा सूर माझ्या पोटात होता

सरस्वतीपूजेला देवीपुढे ठेवलेलं वाद्य विजयादशमीच्या सकाळपर्यंत हलवायचं नसतं, हे आमच्या चेन्नईच्या मैलापुरात शेंबड्या पोरालाही कळतं. गंधारला कळलं नाही. एवढा कॉम्प्युटरवाला, पण कार्यक्रमासाठी भर पूजेतून मला उचलून घेऊन गेला.

मित्रांनो, मी एक जुनी विजेची पेटी आहे. दुकानदार सिंथेसायझर म्हणाला होता. घरच्या आजी, राजसबाई, पेटीच म्हणतात. २००३ साली तिघांनी मिळून मला टी. नगरातून आणलं. पुण्याहून नोकरीला आलेला गंधार माझ्या पट्ट्या वाजवी, अनय ठेका लावी आणि राजसबाईंची नात देविका गाई. तालमी राजसबाईंच्याच माडीवर. देविकाचा सूर मी पोटात धरून ठेवी; पट्टी दाबली की तो जसाच्या तसा निघे. कॉलेजातली पोरं नाचत. नाव तिघांचं होई, पण खरं सांगते, माझ्यावाचून त्यांचं पान हलत नव्हतं.

मग अनय श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात शिफ्टला लागला आणि आमच्यातून सुटला. देविकाच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर नुसती कुजबुज उरली. गंधार तिचा सूर माझ्यातून काढून एकटाच कार्यक्रम करू लागला. पोस्टरवर नावही एकट्याचंच. देविका रोज संध्याकाळी माडीवर यायची, एक पट्टी दाबायची, स्वतःला ऐकायची आणि खाली जायची. तिच्या गाण्याची टेप कुणी केलीच नव्हती. पेटीत आहे की, सगळे म्हणायचे.

विजयादशमीला गंधारने मला परत आणून ठेवलं. राजसबाईंनी कुंकू लावलं. देविकाने पट्टी दाबली. गंधारचा आवाज निघाला. तिने दुसरी दाबली, तिसरी दाबली. सगळीकडे तोच.

"पेटीतली जागा संपली होती, आजी," तो म्हणाला. "मी गायलेलं नवं गाणं बसत नव्हतं. जुनं पुसावं लागलं."

"तिला विचारलंस?"

"घाईत होतो."

मित्रांनो, यंत्र विसरत नाही म्हणतात, ते खोटं आहे. पुसलं की आम्ही कोरे. आमच्या पोटात कुणाचं काय ठेवलंय, ते विचारल्याशिवाय हात लावू नका.

देविका जिना उतरून गेली. राजसबाईंनी माझ्यावर कापड ओढलं आणि गंधारकडे वळल्या.

"पूजा मोडलीस, ते देवी बघेल. डॉक्टरांनी पोरीचा गळा कापला तो तिला जगवायला. तू कशाला कापलास? एकट्यानं गायचं होतं ना तुला? गा. पण माझ्या घराची पायरी चढू नकोस."