सातव्या बाईची ओळ

"बाकी गाणं मस्त आहे गं वरदा, ती वॉर्ड पुसायची ओळ तेवढी काढून टाक," गिरीशकाका म्हणाले. काका हॉस्पिटलमध्ये कन्सल्टंट डॉक्टर, आणि इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. "दिवाळीचा प्रोग्रॅम आहे. उगाच कॉन्ट्रोव्हर्सी कशाला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओळ काय, तर 'तीन वर्षं वॉर्ड पुसते, माझं नाव कुणाला ठाऊक नाही.' एवढ्यानं यांची दिवाळी नासते!

मी चिकाना बायकांच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या बायकांच्या, संगीतावर पीएचडी करते. त्यांच्यातल्या काही जणी हक्कांसाठी लढताना गोल बसून गाणं रचतात. प्रत्येकीनं आपली एक ओळ द्यायची, आणि तिला विचारल्याशिवाय त्यात कानामात्राही बदलायची नाही. काकांच्याच हॉस्पिटलमधल्या सफाईवाल्या बायकांना घेऊन मी दर शनिवारी तशीच बसत होते. ही ओळ त्यांच्यातल्या अर्चनाताईंची.

"ओळ नाही तर गाणंही नाही," मी ठणकावलं. कार्यक्रमपत्रिका छापून झाल्या होत्या, म्हणून काकांनी माघार घेतली.

"तुमच्या नावासाठी भांडून आले," मी अर्चनाताईंना फुशारकीनं सांगितलं.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून कागद काढले. केंब्रिजच्या कॉन्फरन्समध्ये मी वाचलेला पेपर. मीच कौतुकानं दिला होता, आणि त्यांच्या मुलीनं तो वाचून दाखवला होता.

"यात माझी ओळ आहे. खाली लिहिलंय, पार्टिसिपंट सेव्हन. ही कोण?"

"अहो ताई, तो एथिक्सचा रूल असतो, रिसर्चमध्ये खरी नावं छापायची नाहीत. तुमचा जॉब जाऊ नये म्हणून..."

"मला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. संमतीच्या फॉर्मवर सह्या तेवढ्या घेतल्या होत्या. पहिल्या पानावर माझं नाव मात्र ठळक छापलेलं. काकांवर तोंडसुख घेणारी मी! लाज वाटली, आणि स्वतःचा संताप आला.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. मी माझ्या छोट्या मेक्सिकन गिटारवर गाणं सुरू केलं. ताईंची ओळ आली तशी थांबले आणि माइक त्यांच्याकडे दिला.

त्यांनी ओळ म्हटली. मग पहिल्या रांगेकडे बघत म्हणाल्या, "मी अर्चना शशिधर साळवी. डॉक्टर, तुमच्याच वॉर्डवर असते."

काकांनी मान खाली घातली. मला बरं वाटणार, एवढ्यात ताई माझ्याकडे वळल्या.

"वरदा, तूही लिहून घे."