तांदळाहून लहान हाड

बाई शाळेत विज्ञान शिकवत. डाव्या कानाने कधीच साथ सोडली होती, पण प्रश्न विचारायची खोड काही सुटली नव्हती.

"कानातलं सगळ्यात आतलं हाड थिजून बसलंय," सर्जन म्हणाली. "त्याची वरची कमान काढून तिथे बारीक दांडी बसवू."

"मला बघता येईल?"

"कान तुमचा, पण मायक्रोस्कोपला डोळे माझे."

"डॉक्टर, हिला पूर्ण भूल द्या," नवरा म्हणाला, "नाहीतर भंडावून सोडेल तुम्हाला."

"भूल फक्त कानापुरती. ऐकू येतंय का, हे त्यांनीच सांगायचं आहे."

ऑपरेशनच्या दिवशी तोंडावर हिरवं कापड आलं आणि बाईंचे प्रश्न सुरू झाले.

"आता काय करताय?"

"पडदा उचलतेय. पुस्तकाचं पान उलटावं, तसा."

"आणि आता?"

"आता गप्प राहा. तुमचा जबडा हलला की इथे डोंगर हलतो."

बाईंनी ओठ घट्ट मिटले. आत काहीतरी कुरतडल्यासारखं झालं, मग नख मोडावं तसा बारीक कट्ट आवाज. एकदम सगळी खोली गरगरली. त्यांनी टेबलाची कड धरली. नर्सने हात दाबून धरला, "थांबेल हं."

गरगर थांबली. आणि डावीकडून, अगदी जवळून, गुरगुर ऐकू आली.

"डॉक्टर," बाई जपून म्हणाल्या, "सकाळपासून काही खाल्लं नाहीत का?"

नर्सला हसू आवरेना. "माझं पोट ऐकू आलं तुम्हाला?" सर्जन म्हणाली. "मग दांडी बसली म्हणायची!"

काही दिवसांनी बाई कानातला बोळा काढायला गेल्या, तेव्हा सर्जनने ते काढलेलं हाड मायक्रोस्कोपखाली ठेवलं. दोन नाजूक पाय, वर जुळलेले. बाई डोळा लावून बसल्या त्या उठेचनात. शेवटी नवऱ्याने वाकून पाहिलं.

"एवढ्याशा हाडापायी मी इतकी वर्षं घसा फोडला?"

"हळू बोला हो," बाई म्हणाल्या आणि पुन्हा डोळा लावला. "डॉक्टर, हे माणसाबरोबर वाढत जातं?"

"नाही. जन्मतःच एवढं असतं."

"म्हणजे मी पाळण्यात होते तेव्हाही एवढंच?"

"एवढंच."

"ह्याच्यातून आईचा आवाज आला असेल मग," बाई म्हणाल्या, आणि चिमट्याने त्यांनी ते हाड हळूच दुसऱ्या कुशीवर वळवलं.