थेंबाची बाहेरची कड

टिपकागदावरचा तेलाचा थेंब रात्रभरात पसरून वाळला होता. मधोमध काळा ठिपका, त्याभोवती तपकिरी पट्टा, आणि सगळ्यात बाहेर एक फिकट कड, इतकी फिकट की कागद उजेडासमोर धरल्याशिवाय दिसू नये. चित्राने कागद खिडकीसमोर धरला. पण लखनौच्या महानगर वसाहतीतल्या जानेवारीच्या सकाळी खिडकीत उजेड नव्हता, नुसते धुके होते. तिने स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि पुन्हा पाहिले. कड होतीच, आणि चांगली रुंद होती.

तेल नुसते जुने असते तर मधला ठिपका मोठा झाला असता. बाहेरची कड पेट्रोलची होती. औषधांच्या प्रयोगशाळेत कागदावरचे असेच डाग वाचण्यात तिची सगळी नोकरी गेली होती, त्यामुळे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. निवृत्त होताना टिपकागदांचा एक अर्धा डबा तिच्याबरोबर घरी आला होता. काल संध्याकाळी तिच्या नवऱ्याने, जगदीशने, गाडीचे बॉनेट उघडून तिला टॉर्च धरायला लावला, तेव्हा तेल मोजायच्या पट्टीवरचा एक थेंब तिने सहज त्यातल्या एका कागदावर टिपून घेतला होता.

"पाणी झालंय तेलाचं," जगदीश दोन बोटांत तेल चोळत म्हणाला होता. "बघ, धरच नाही उरली. घट्ट तेल हवं. उद्याच बदलून घेऊ. परवा पहाटे पोरीला नि नातीला आणायला विमानतळावर जायचंय, शहीद पथावर इंजिनानं दगा द्यायला नको."

तेल पातळ झाले होते हे खरेच. शिवाय पट्टीवर ते वरच्या खुणेच्याही वर आले होते. इंजिनातले तेल जळून कमी होते, गळून कमी होते. आपोआप वाढत नाही. थंड इंजिनात न जळलेले पेट्रोल थोडे थोडे खाली झिरपते आणि तेलात मिसळते. गाडी लांब पळून नीट तापली की ते उडूनही जाते. गाडी तापलीच नाही, तर मात्र साठत राहते.

आणि जगदीश तर रोज सकाळी तासभर गाडी मलिहाबादच्या आंबाबागांच्या रस्त्याला नेऊन आणत होता. निदान तसे सांगत होता. आत्ताही तो तिकडेच गेलेला होता.

चित्राने गॅस बंद केला, शाल पांघरली आणि बाहेरून कडी घालून निघाली.

फार लांब जावे लागले नाही. वसाहतीच्या टोकाला पाण्याची टाकी आहे. तिच्या मागे, जिथे कचरा टाकायलासुद्धा कुणी जात नाही, तिथून इंजिनाचा आवाज येत होता. एका जागी घुरघुरणारा, न चढणारा, न उतरणारा. धुक्यात आधी मागचे दोन लाल दिवे दिसले, मग पांढरी गाडी.

ती डाव्या बाजूने जवळ गेली. जगदीश सीटवर ताठ बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान किंचित पुढे, भरधाव रस्त्यावर नजर ठेवून असलेल्या माणसासारखा. समोर टाकीची भिंत होती. मध्येच त्याने हात गिअरवर नेला, तिथे थोडा वेळ ठेवला आणि परत आणला. चित्रा काचेपासून हातभर अंतरावर उभी होती. टकटक करायला तिने बोटे उचललीसुद्धा. तेवढ्यात डावा आरसा पाहावा तशी त्याने मान जराशी कलती केली. त्या आरशाच्या शेजारीच ती उभी होती.

त्याने मान पुन्हा सरळ केली.

चित्राने हात खाली घेतला आणि आली तशी परत गेली.

"काय धुकं आहे गं!" जगदीश घरात आला तो तळवे चोळतच. "काकोरीच्या पुढे तर हात पुढे केला तर हात दिसेना. एक ट्रॉलीवाला रस्त्यात मधोमध उभा, दिवा नाही, काही नाही. मी होतो म्हणून वाचलो. दुसरा कुणी असता तर सरळ आत घुसला असता."

"हो?"

"मग! अख्खी नोकरी हा रस्ता तुडवलाय. तिथल्या किडी मला नावानिशी ओळखतात."

साताऱ्याचा जगदीश आंब्यावरच्या किडींचा शास्त्रज्ञ म्हणून इथे आला आणि इथलाच झाला. बागवाले त्याला 'कीड़ेवाले डॉक्टरसाहब' म्हणत आणि लांबून त्याची गाडी ओळखत. चित्राने चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला, अगदी नाकासमोर. जरा बाजूला ठेवला की त्याचा हात आधी टेबलावर चाचपडतो, हे तिला गेल्या उन्हाळ्यापासून माहीत होते. त्याच्या डोळ्यांतला दाब वाढला होता. डोळ्यांच्या डॉक्टरकडे तो एकटाच जाई आणि येऊन सांगे, "ड्रॉप्स घालत राहा म्हणाले, बाकी फर्स्ट क्लास." कडेने सुरू झालेला अंधार आता मध्याकडे सरकत होता. ते ती रोज पाहत होती आणि तो ते रोज लपवत होता.

टेबलावर तेलाचा एक निळा डबा होता. काल त्याने निशातगंजच्या दुकानातून स्वतः निवडून आणलेला.

"वाच बरं, कुठलं ग्रेड दिलंय त्यानं. माझा चष्मा वर राहिलाय."

चष्मा त्याच्या शर्टाच्या खिशात होता. डब्यावर हातभर मोठे अक्षर नव्हते, पण ट्रकचे चित्र मात्र चांगले ठसठशीत होते.

"हे ट्रकचं आहे," ती म्हणाली. "ट्रक नि ट्रॅक्टरचं. डिझेलवाल्यांचं."

"असेल. घट्ट असतं ते. तेलाला काय कळतंय आपण कुणाच्या पोटात आहोत ते!"

फोन वाजला. पुण्याहून प्रणिता होती. लखनौत वाढलेली त्यांची लेक अजूनही अर्धे वाक्य हिंदीत बोलायची.

"आई, सुन ना, फ्लाइट अब तक तो टाइम पे है. बाबाच येणार ना घ्यायला? देविका सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटलीय, माझे आबा गाडी घेऊन येणार."

"प्रणू, धुकं फार आहे इथे. मी म्हणते, टॅक्सी…"

"टॅक्सी कशाला?" जगदीशने फोन तिच्या हातातून घेतला. "मी येतोय गं. देविकाबाईंना पुढे बसवणार, माझ्या शेजारी. तुझ्या आईला नाही आणत, बॅगा कुठे ठेवणार? ती घरी बसून थालीपीठं लावेल."

"यार बाबा, बेस्ट!" पलीकडून नातीचे ओरडणेही ऐकू आले. जगदीश हसत होता.

चित्राने कप उचलून मोरीत ठेवला.

हे तिने कधीच बोलायला हवे होते. ऑक्टोबरात दोघे मलिहाबादहून येत असताना डावा आरसा एका सायकलवाल्याच्या कोपराला घासला. तो सायकलसकट कडेच्या खड्ड्यात उतरला, पडता पडता सावरला आणि मागून शिव्या देत राहिला. "कोण ओरडतंय?" जगदीशने विचारले होते. "बागेतले राखणदार असतील," ती म्हणाली होती. त्या दिवशी तिने एक वाक्य मनात तयार केले. दिवाळीत घर भरलेले होते म्हणून ते राहिले. मग त्याचा वाढदिवस आला, मग त्याला सर्दी झाली. वाक्य तयारच होते. त्याऐवजी ती गाडीत त्याच्या डावीकडे बसू लागली, आणि नुसती बसत नव्हती.

दुपारी धुके थोडे वर उचलले, पण ऊन पडले नाही. दोघे निशातगंजकडे निघाले.

"ई-रिक्षा," चित्रा म्हणाली.

"दिसली."

"गाय."

"अगं दिसली! एवढी गाय दिसणार नाही का मला?" ब्रेक मात्र तिच्या शब्दानंतर लागला होता.

"डावीकडून शाळेची मुलं येताहेत. थांबा. अहो, थांबा!"

गाडी आचके देत थांबली. तीन-चार मुले दप्तरे उडवत पुढून पळाली. एकाने जाता जाता बॉनेटवर थाप मारली. मुले उजव्या फुटपाथवर चढली तेव्हा जगदीश म्हणाला, "दिसली गं, दिसली."

चित्राने ओढणीचे टोक घट्ट मुठीत धरले होते, ते सोडले. उद्या पहाटे या सीटवर देविका असेल. चार वर्षांची. तिला ई-रिक्षा म्हणता येते, गायसुद्धा म्हणता येते. पण ती खिडकीबाहेर बघत गाणे म्हणत असेल.

रिझवानचे गॅरेज पुलाजवळच्या गल्लीत होते. ही गाडी नवी असल्यापासून तोच पाहत आला होता. त्याने बॉनेट उघडले, जगदीशच्या हातातला निळा डबा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"डॉक्टरसाहब, ये तो ट्रक का खाना है! आपकी चिड़िया का पेट खराब हो जाएगा."

"बूढ़ी चिड़िया है भाई, मेरी तरह. इसके घुटने घिस गए हैं. इसको गाढ़ा ही चाहिए."

"घुटने आपके घिसे होंगे, इसके नहीं." शेजारच्या गाडीखालून कुणीतरी हसले. "इस ठंड में गाढ़ा डालूँगा तो सुबह ऊपर तक चढ़ेगा ही नहीं. इंजन सूखा घूमेगा." त्याने पट्टी ओढून पाहिली, फडक्याने पुसली. "पतला तो हो गया है. गाड़ी चलती कितनी है?"

"रोज. मलिहाबाद तक."

"तब तो ऐसा नहीं होना चाहिए था." रिझवानने डोके खाजवले. "देखिए साहब, जैसी चाल, वैसा तेल. गाड़ी की किताबवाला पतला डाल दूँ, कि एक नंबर गाढ़ा? लंबी चलती है कि छोटी, ये तो आप ही बताएँगे."

तो हात पुसत उत्तराची वाट पाहत उभा राहिला.

इतकी वर्षे लखनौत काढल्यावर मराठी ही त्या दोघांची आडोशाची भाषा झाली होती. बाजारात माल पटला नाही, पाहुण्यांकडे बसून कंटाळा आला, कुणाकडची भाजी खारट झाली, तर ते मराठीत सांगायचे. चेहरा सरळ ठेवून, हवापाण्याबद्दल बोलावे तशा सुरात. त्याच सुरात, इंजिनाकडे बघत, चित्रा म्हणाली,

"अहो, तेलात पेट्रोल उतरलंय. गाडी मलिहाबादला जातच नाही. टाकीच्या मागे उभी असते. आज सकाळी मी आले होते तिथे."

जगदीशचा हात गाडीच्या पत्र्यावर होता. तो तिथेच राहिला.

"तुमच्या डाव्या हाताला उभी होते. काचेला लागून."

रिझवान कौतुकाने दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. साहब आणि मॅडम तेलावरूनच भांडत असणार असे त्याला वाटले असावे.

"बसलं की वाटतं, आज जमेल," जगदीश अगदी हळू म्हणाला. त्याने आवाज हवापाण्याचाच ठेवला होता, पण तो मध्येच फाटला. "रोज वाटतं. गिअर टाकायचा आणि निघायचं, एवढंच तर आहे. उद्या जमेल. रस्ता पाठ आहे मला."

"रस्ता पाठ आहे. रस्त्यावरची माणसं कशी पाठ असतील? डॉक्टर खरंच काय म्हणाले?"

त्याच्या दोन बोटांना तेल लागले होते. ती तो एकमेकांवर चोळत राहिला.

"डावीकडचं गेलंय बरंचसं. आहे ते राखायचं म्हणतात." त्याने मान तिच्याकडे पूर्ण वळवली, आता तिला पाहायला त्याला तशीच वळवावी लागत होती. "चित्रा, इथे नको. घरी बोलू."

घरी. घरी गेल्यावर तो रेडिओ लावेल आणि ती भाजणी मळायला घेईल. प्रणिताचा फोन येईल, मागून देविका आबा आबा ओरडेल, आणि तो तिच्याकडे बघून फोनवर हसेल. पहाटे फाटकाशी इंजिन सुरू झाल्याचा आवाज येईल आणि ती दारात उभी राहील. मराठीतले बोलणे दोघांतच राहायचे. कुणी ऐकलेले नसले की ते झालेच नाही असेही धरून चालता यायचे. त्या दोघांनी तसे पुष्कळदा धरले होते.

"तो साहब?" रिझवानने डबा उचलून फळीवर ठेवला. "लंबी कि छोटी? बोलिए, कौन-सा डालूँ?"

जगदीशने तोंड उघडले. तो काय म्हणणार होता ते तिला त्याच्या ओठांवरून कळले.

"रिझवानभाई," चित्रा हिंदीत म्हणाली, गाडीखाली झोपलेल्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "किताबवाला पतला डालिए, और गाड़ी घर आप ही पहुँचा दीजिएगा. साहब को अब दिखता नहीं है. आज से ये गाड़ी नहीं चलाएँगे."